मशीन घेत नाही

मिरकरवाडा बंदराजवळच्या रेशन दुकानात ते माझ्या पुढे उभे होते. कायद्याचे प्राध्यापक, हे त्यांनीच बोलता बोलता सांगितलं. आठवडाभर वर्गात शिकवून, वर काल मुंबईत सरकारी कामातल्या संगणकांसाठी कायदा कसा सुधारायचा यावर समितीत वाद घालून ते सकाळीच गाडीतून उतरले होते. बोलताना सारखा चष्मा काढायचे, सदऱ्याला पुसायचे आणि लगेच डोळ्यांवर न लावता हातातच धरून ठेवायचे.

रांगेत सर्वांत पुढे एक म्हातारी होती. जन्मभर कोळंबी सोलून तिच्या अंगठ्याच्या रेषा पार झिजल्या होत्या. ती ठशाच्या मशीनवर पुन्हा पुन्हा अंगठा दाबत होती.

"मशीन घेत नाय, आजी. घरी जा," दुकानदार म्हणाला.

प्राध्यापक उसळले. "अहो, ओळखपत्र बघून धान्य द्यायची तरतूद आहे!"

"असेल हो, सर. पण मशीन घेत नाय त्याला मी काय करू?"

"हेच! नाही म्हणणारा माणूसच सापडत नाही, मग दाद मागायची कोणाविरुद्ध?" त्यांचा आवाज चढला. "मशीनचं नाव घेऊ नका. यांच्याकडे बघा आणि म्हणा, मी देत नाही."

दुकानदाराने म्हातारीकडे बघितलं. त्याला ते म्हणवेना. शेवटी पुटपुटत त्याने तिचं ओळखपत्र घेतलं आणि तांदूळ मापून दिला.

मला वाटलं, आता तरी हे गृहस्थ निवळतील. पण ते कपाळाला हात लावून उभे होते, कारण पिशवी सावरत म्हातारी त्यांना विचारत होती, "सर, पुढल्या म्हयन्याला पन याल ना?"