बायकांच्या बाजूचा कॅमेरा

चौक गावात जुन्या हायवेवर आमचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, फ्रेमा आणि रिसॉर्टची कामं नवरा बघतो, मी बायकांची बाजू बघते. म्हणजे आजूबाजूच्या गावांतल्या मुसलमान घरांत लग्न असलं की बायकांच्या मांडवात फोटो काढायला बाईच लागते, आणि गेली कित्येक वर्षं ती बाई मी. तिथली रीत साधी. निघताना कॅमेऱ्यातलं कार्ड काढायचं आणि नवरीच्या आईच्या हातात द्यायचं. आपल्याकडे एकसुद्धा फोटो ठेवायचा नाही. माझे फोटो काही जगावेगळे नसतात, मला बोलावतात ते या शब्दावर.

जुना कॅमेरा थकला तेव्हा आम्ही पनवेलला गेलो. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "ताई, आधी तुमचं काम काय ते सांगा." मी सांगितलं. बंद मांडव, उजेड कमी, फ्लॅश मारला की म्हाताऱ्या बायका कुरकुरतात, आणि चार-चार तास कॅमेरा गळ्यात. त्यानं एक हलका, साधा कॅमेरा पुढं ठेवला. कमी उजेडात चांगला, बाकी नखरे नाहीत. "तुमच्या कामाला हाच," तो म्हणाला.

पण शेजारी दुसरा होता. फोटो काढला की आपोआप फोनवर जाणार, आणि मी कुठंही असले तरी फोनवरून इंटरनेटनं थेट दुकानातल्या टीव्हीवर. कळंबच्या रिसॉर्टवाल्यांना दाखवता येईल, रस्त्यानं जाणारे थांबून बघतील, असं नवरा म्हणाला. खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा मलाच त्याची हाव सुटली होती. नेरळच्या एका स्टुडिओवालीकडे तसला होता ना! मला काय लागतं ते मी माझ्याच तोंडानं सांगितलं, आणि घरी आणला दुसराच. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय?

त्यानंतरचं पहिलं लग्न खालापूरकडच्या एका गावात, दुपारचं. नवरीची आई मला पोरीसारखी वागवायची. बायका मोकळ्या बसल्या होत्या, डोक्यावरचे पदर खाली आलेले, हसणं-खिदळणं चाललेलं. मी धडाधड फोटो काढत होते. फोन माझ्या पर्समध्ये होता, आणि ते आपोआप जाणं बंद करायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. तासाभरानं नवऱ्याचा फोन आला. "अगं, काय करतेस? सगळं टीव्हीवर दिसतंय! मी जेवायला घरी गेलो होतो, आत्ता येऊन बंद केलं." तिथंच, नवरीसमोर उभी राहून मी फोन चाचपडत ते बंद केलं, आणि पुढचे फोटो हसत हसत काढले.

नेमका नवरीचा चुलता बर्फ आणायला चौकला गेला होता. म्हातारा माणूस. परत आला तो तडक भावजयीला, म्हणजे नवरीच्या आईला, बाहेर बोलावून म्हणाला, "भाभी, आपल्या पोरी दुकानातल्या टीव्हीवर हायत."

ती माझ्याकडे आली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "बाय, तू सांग. तू सांगशील ते खरं."

सांगायला हवं होतं. चूक झाली, चाची, पाया पडते, एवढंच तर म्हणायचं होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "छे हो, चाची! ते मागच्या महिन्यातल्या आमच्याकडच्या हळदीचे फोटो आहेत. चाचांना लांबून नीट दिसलं नसेल." वर कार्ड तिच्या हातात ठेवलं, रीतीप्रमाणे. तिनं ते डोळ्यांना लावल्यासारखं करून कमरेच्या बटव्यात टाकलं. लाज वाटायला हवी होती. तेव्हा वाटली ती सुटका. लाज घरी पोचल्यावर आली, आणि आली ती आलीच.

आम्ही फोनवरचं, टीव्हीवरचं सगळं पुसलं. नवरा म्हणाला, "झालं ते झालं, आता गप बस." मी गप बसले.

दोन दिवसांनी दुपारी तो चुलता दुकानात आला. हातात मिठाईचा पुडा. मी उठून खुर्ची दिली, तर बसेना.

"माफी मागायला आलोय," तो म्हणाला. "डोळ्यांचं आपरेशन झाल्यापासनं मला नीट दिसत नाय. भाभी लय बोलली मला. सगळ्यांदेखत म्हणली, पोरीवर आळ घेतलास, जा, तिच्या दुकानात जाऊन माफी माग. माझंच चुकलं, बाय."

सत्तरीच्या पुढचा माणूस. त्याला सगळं लख्ख दिसलं होतं, आणि आता त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास राहिला नव्हता. मी तोंड उघडलं. नवरा काउंटरमागून माझ्याकडे बघत होता.

"असू द्या, चाचा," मी म्हणाले. "होतं असं कधी कधी."

त्यानं पुडा माझ्या हातात दिला. पायरी उतरताना कठडा चाचपला आणि वळून म्हणाला, "धाकटीच्या लग्नाला पन तूच ये. भाभीनं सांगितलंय, दुसरी कोन नको."

"येईन की," मी म्हणाले.