विहिरीजवळचं यंत्र

शैलेंद्र पोतनीस यांचा फोन वाजला तेव्हा ते कॉलेजच्या स्टाफरूममध्ये चहा घेत होते. पलीकडून परिषदेचे संयोजक बोलत होते. जबलपुरातच, सिव्हिल लाइन्सच्या सभागृहात जानेवारीत मोठी परिषद भरणार होती. विषय होता इंटरनेट ऑफ थिंग्ज, म्हणजे एकमेकांशी बोलणारी यंत्रं. त्यावर आज कोणतं संशोधन चाललंय आणि उद्या ते कुठे जाईल, यावर मुख्य भाषण हवं होतं.

शैलेंद्रांनी कप खाली ठेवला. मनात पहिलं वाक्यसुद्धा जुळायला लागलं.

"तो सर, संपदा मैडम का नंबर मिल जाएगा?" संयोजक म्हणाले.

त्यांनी बायकोचा नंबर दिला. अभिनंदनही केलं. मग तासावर गेले आणि मुलांना विनाकारण रागावले.

पोतनीसांचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीत नर्मदाकाठी आलं आणि इथलंच झालं. शैलेंद्रांचे वडील खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात होते. क्वार्टरच्या व्हरांड्यात जुने रेडिओ उघडत शैलेंद्र मोठे झाले, आणि त्या वस्तीतून डॉक्टरेट मिळवणारे पहिले ठरले. हा विषय अजून बाळसं धरत होता तेव्हाच त्यांनी प्रबंध लिहिला होता: तारेविना जोडलेल्या छोट्या यंत्रांनी निरोप एकमेकांकडून पुढे कसा पोचवावा. पुढे विभागप्रमुखपद आलं, बैठका आल्या, परीक्षा आल्या. संशोधन मागे पडलं. तरी शहरात या विषयाचं नाव निघालं की लोक "पोतनीस सर" म्हणत, आणि ते त्यांना पुरत होतं.

संपदा नागपूरची. लग्नानंतर त्याच कॉलेजात शिकवायला लागली. मुलगी हॉस्टेलला गेली तशी तिने चाळिशी उलटल्यावर डॉक्टरेटला नाव घातलं. पहिले धडे तिला शैलेंद्रांनीच दिले, जेवणाच्या टेबलावर, मिठाची डबी आणि वाट्या मांडून. "ही वाटी या वाटीला निरोप देते," असं. तेव्हा त्यांना फार बरं वाटायचं.

मग ती पुढे निघून गेली.

जबलपूरजवळच्या मझौली गावातल्या मटारच्या शेतांत तिने यंत्रं रोवली. जमिनीलगतचं तापमान आणि मातीचा ओलावा ती मोजत. तिकडे नेटवर्क धड नसतं, म्हणून सगळी माहिती दूरच्या सर्व्हरला पाठवायचीच नाही, यंत्राने जागच्या जागी शिकायचं, असा तिचा विचार होता. यंत्र बहुतेक वेळ झोपून राही, जागं झालं की शेजारच्या यंत्रांशी ताडून बघे, आणि काही बदललं असेल तरच बोले. थंडीत दंव गोठून पीक करपायचा धोका दिसला की शेतकऱ्याच्या मोबाइलवर निरोप जाई. निरोप आला की शेताला हलकं पाणी द्यायचं, पीक वाचतं. गेल्या हिवाळ्यात ते खरंच वाचलं होतं. वर्तमानपत्रात फोटो आला: संपदा आणि तिच्या शेजारी सुमित्राबाई पटेल, ज्यांच्या शेतात ही यंत्रं होती. शैलेंद्रांनी तो अंक शेजाऱ्यांना दाखवला आणि घरी येऊन म्हणाले, "फोटोत तू जरा जाड दिसून राहिली."

परिषदेचं बोलावणं आल्यावर संपदाने भाषणाची तयारी सुरू केली. डिसेंबरच्या अखेरीस एका दुपारी तिने लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला.

"अहो, हे आलेख एकदा बघून द्या ना. तुमच्या नजरेला लवकर सापडतं."

ती स्वयंपाकघरात गेली. शैलेंद्रांना खरंच लवकर सापडलं. विहिरीजवळचं यंत्र बिघडत चाललं होतं. पंपाच्या कोठडीची ऊब लागून म्हणा, नाहीतर आतला भाग खराब होऊन म्हणा, ते खऱ्यापेक्षा जास्त तापमान सांगत होतं. त्याच्याशी ताडून बघणारी शेजारची यंत्रंही हळूहळू तेच खरं मानायला लागली होती. एकाचं खोटं सगळ्यांनी शिकून घेतलं होतं.

हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते ओठावर आलंही. आतून संपदा कुणाशी तरी फोनवर बोलत होती, हसत होती. "हो हो, मुख्य भाषण माझंच," ती म्हणाली.

ती बाहेर आली तेव्हा शैलेंद्रांनी लॅपटॉप मिटला होता. "ठीक आहे सगळं," ते म्हणाले.

जानेवारीत कडाका पडला. एका सकाळी सुमित्राबाईंचा फोन आला. "दीदी, मैसेज तो आया ही नहीं. कुएँ तरफ का मटर पूरा जल गया." संपदा तशीच मझौलीला गेली. संध्याकाळी परतली ती काळ्या पडलेल्या वेलींची जुडी घेऊन. ती समोर ठेवून बसली. "माझंच काहीतरी चुकलं. काहून चुकलं तेच कळून नाही राहिलं." शैलेंद्रांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. तरी मनाच्या एका कोपऱ्याला बरं वाटत होतं, आणि तो कोपरा त्यांना चांगला ओळखीचा होता.

परिषदेत सभागृह भरलं होतं. संपदा सुरेख बोलली. सूर्यप्रकाशावर आणि मातीतल्या सूक्ष्म जीवांवर चालणाऱ्या, बॅटरीच न लागणाऱ्या यंत्रांबद्दल बोलली. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांची भाषा कळत नाही, ती समान कशी करावी याबद्दल बोलली. शेतातली माहिती कुणाची, शेतकऱ्याची की कंपनीची, हेही विचारलं. मग जराशी थांबून म्हणाली, "या महिन्यात आमची सूचना गेली नाही. एका बाईंचं पीक गेलं. कारण मला अजून सापडलेलं नाही." हे ती हिंदीत म्हणाली, पण आवाज घरी बोलतानाचा होता.

प्रश्नोत्तरांत शैलेंद्र उठले. उठायचं त्यांनी आधीच ठरवलं होतं. गाल तापले होते.

"एखादं यंत्र खोटं बोलायला लागलं तर? विहिरीजवळचं यंत्र डिसेंबरच्या मध्यापासून जास्त तापमान सांगत होतं. शेजारच्यांनी विश्वास ठेवला, म्हणून सूचना गेलीच नाही. या जाळ्यात कुणावर किती विश्वास ठेवायचा, याचं गणितच नाही."

मागून कुणीतरी टाळी वाजवली. बेंगळुरूहून आलेले एक संशोधक म्हणाले, या क्षेत्रातला पुढचा मोठा प्रश्न हाच आहे. चहाच्या वेळी लोक शैलेंद्रांभोवती जमले. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं.

संपदा मंचावर म्हणाली होती, "मला हे दिसलं नाही. धन्यवाद." एवढंच.

कारमध्ये बसल्यावर तिने पट्टा लावला आणि समोर बघत विचारलं, "डिसेंबरच्या मध्यापासून. हे तुम्हाला कसं ठाऊक?"

शैलेंद्रांच्या हातातली किल्ली तशीच राहिली.

"आलेख तुम्हीच बघितले होते. दुसरं कुणीच नाही."

"संपदा..."

"मला खाली पाडायचं होतं तर घरी पाडायचं. सुमित्राबाईंचं काय?"

त्यांनी किल्ली फिरवली.

दुसऱ्या दिवशी ते एकटे मझौलीला गेले. सुमित्राबाई खाटेवर बसून मटार सोलत होत्या. शैलेंद्रांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. बाई ऐकत राहिल्या. "घरवाली से जलते हो, भैया?" त्यांनी विचारलं. शैलेंद्रांनी होकाराची मान हलवली. बाईंना हसू आलं, मग राग आला. "तो उससे लड़ लेते. हमारा मटर काहे जलाया?" त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. मात्र विहिरीजवळचं यंत्र काढायला कुठून जायचं ते हाताने दाखवलं. शैलेंद्र गुडघाभर चिखलात उतरले आणि ते उपटून घेऊन आले.

ते यंत्र टेबलावर ठेवल्यावर संपदाने दोन गोष्टी सांगितल्या. "प्रश्न तुमचा आहे, यावर लिहू त्या पेपरवर नाव तुमचंही राहील. आणि माझ्या लॅपटॉपचा पासवर्ड मी बदलला आहे."

मग दोघं कामाला लागली, कॉलेजात, प्रयोगशाळेत, परक्या माणसांसारखी. तिला हवी ती आकडेवारी ती छापून आणायची. प्रत्येक यंत्राने शेजाऱ्याचं म्हणणं पडताळून त्याच्यावरचा विश्वास हळूहळू वाढवावा किंवा कमी करावा, अशी रीत त्यांनी बसवली. शैलेंद्रांना जुना प्रबंध कामाला आला. काम करताना कधी कधी ते सगळं विसरत आणि तिला "अगं, हे बघ" म्हणत. ती बघायची. "हं" म्हणायची.

बाहेरगावच्या एका परिषदेत पेपर स्वीकारला गेला. सादर करायला एकालाच बोलावलं, संपदाला. डुमना विमानतळावर शैलेंद्र तिला सोडायला गेले. दारात कॉलेजची एक जुनी विद्यार्थिनी भेटली. तिने संपदाला वाकून नमस्कार केला आणि शैलेंद्रांकडे वळून म्हणाली, "सर, आप भी जा रहे हैं?"

"नहीं. छोड़ने आया हूँ."

विद्यार्थिनी गेली. शैलेंद्रांनी बॅग ट्रॉलीवर ठेवली. घशाशी आलेलं या वेळी त्यांनी गिळलं नाही.

"मला अजून जळायला होतं, संपदा."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. तिकीट काढून हातात घेतलं, क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. "आज सांगितलं तरी. गाडी हळू न्या."

आणि ती आत गेली.