कर्नलची शौर्यकथा, जशी घडली तशी

सिंगापूरमधल्या बुकित तिमाहच्या एका बंगल्यावर मी दर शनिवारी टॅम्पिनीसच्या माझ्या घरून जायची. माझी नोकरी शाळेच्या पुस्तकांच्या संपादनाची. हे वरचं काम. निवृत्त स्कॉटिश कर्नल आपलं आयुष्य सांगायचे आणि मी त्याचं इंग्रजीत पुस्तक करायची.

ते उमराव घराण्यातले धाकटे चिरंजीव. गढी, तळं, हरणांचं रान हे सगळं थोरल्या भावाकडे गेलं. धाकट्याच्या वाट्याला, घराण्याच्या रिवाजाप्रमाणे, पलटण आली. पहिली नेमणूक सिंगापूरला, तेव्हा इथे ब्रिटिश छावण्या होत्या. तिथून बोर्निओच्या जंगलातली लढाई, पुढे जर्मनी, आयर्लंड, अरबस्तान. बायको गेल्यावर ते इथेच येऊन राहिले. "इथे गुडघे दुखत नाहीत," म्हणायचे. वय ऐंशीच्या पुढे, पण पाठ ताठ.

एका दुपारी दोन पेग पोटात गेल्यावर त्यांनी मला बोर्निओचं खरं सांगितलं. गोळीबार सुरू झाला तसे ते तरुण लेफ्टनंट ओढ्यात उतरून झाडाच्या मुळांखाली दडून बसले. तुकडीचा वाटाड्या, तिथलाच एक इबान जमातीचा माणूस, माघारी आला आणि त्यांना कॉलरला धरून ओढत घेऊन गेला. शौर्यपदक मात्र मिळालं कर्नलना.

"हे पुस्तकात नको," ते म्हणाले. मी मान डोलावली. माझ्या मनात तेव्हा त्यांच्याबद्दल थोडी मायाच होती.

मग बाबा सिंगापूरला आले. बाबा आपल्या सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ज्या समाजाला गोऱ्यांनी एकेकाळी पलटणीत घेणंच बंद केलं होतं, त्या समाजातले. कर्नलनी ऐकलं आणि म्हणाले, "घेऊन ये त्यांना जेवायला. सैनिक सैनिकाला भेटू दे."

बाबांनी दोन दिवस आधी ब्लेझरला इस्त्री केली. पदकं लावली. बुटांत तोंड दिसेल इतके बूट चमकवले.

व्हरांड्यात कर्नलचे शनिवारच्या बैठकीतले पाच-सहा मित्र बसले होते. बाबांनी कडक सॅल्यूट ठोकला. कर्नलनी बसल्या जागेवरून पदकांकडे बोट केलं. "ही कुठल्या दुकानातून आणलीत, सुभेदार?"

सगळे हसले. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मागे ड्रायव्हर लोकांचं जेवण लावलंय. तुझ्या वडिलांना तिथे जास्त मोकळं वाटेल."

बाबांना इंग्रजी कळतं. तरी ते "थँक यू, सर" म्हणाले आणि मागे गेले. मीही त्यांच्यामागे गेले. परतताना बसमध्ये त्यांनी एकेक पदक काढून रुमालात बांधलं.

"जेवण चांगलं होतं," एवढंच बोलले.

मी काम सोडलं नाही. नवरा म्हणाला, "थोबाडावर राजीनामा फेकून ये." पण त्याने कर्नलचं काय बिघडणार होतं? दुसरी कोणीतरी आली असती. मी उलट जास्तच गोड बोलायला लागले. त्यांच्या वाक्यांना मुलामा दिला, आजीच्या दागिन्यांवर अख्खं पान लिहिलं. बोर्निओचं प्रकरण त्यांनी स्वतः सांगून लिहवून घेतलं: त्यात वाटाड्या जखमी झाला होता आणि लेफ्टनंटने त्याला खांद्यावर वाहून आणलं होतं. मी एक स्वल्पविरामसुद्धा बदलला नाही. वाट बघत राहिले.

कर्नलच्या वाढदिवसाच्या मेजवानीला तेच मित्र होते, शिवाय लंडनहून आलेली मुलगी आणि व्हीलचेअरवर एक म्हातारा, बोर्निओत त्यांच्यासोबत असलेला. जेवणानंतर कर्नलनी ग्लास वाजवला. "आता माझी टायपिस्ट बोर्निओचं प्रकरण वाचून दाखवेल."

मी उभी राहिले. कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

"कर्नलनी मला हे वेगळं सांगितलं होतं," मी म्हणाले, आणि ओढा, मुळं, कॉलर, सगळं शांतपणे सांगितलं. आवाज एकदाही चढवला नाही.

"बस खाली!" कर्नल ओरडले. "ही खोटं बोलतेय."

व्हीलचेअरवरचा म्हातारा त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "तू कोरडा असायला हवा होतास. त्या दिवशी पाऊस नव्हता, आणि तू छातीपर्यंत भिजून आला होतास. मी कधी विचारलं नाही."

कर्नलच्या मानेवर लाल चट्टे उठले. मुलगी मला दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "म्हातारा माणूस आहे तो. काय मिळालं तुम्हाला?"

"पुष्कळ," मी म्हणाले.

खरंच मिळालं. सूड घेतल्यावर माणूस आतून रिकामा होतो म्हणतात. मी त्या रात्री गाढ झोपले. पुस्तक पुढे निघालं, बोर्निओ वगळून. व्हरांड्यातल्या शनिवारच्या बैठका बंद झाल्याचं तिथल्या स्वयंपाकीणबाईंकडून कळलं. मला वाईट वाटलं नाही.

बाबा रागावतील अशी भीती मात्र होती. फौजेतला माणूस, अधिकाऱ्याचा मान राखणारा. फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तोंड कसं झालं गं त्याचं?"

मी वर्णन केलं. बाबा इतके हसले की ठसका लागला.

"थांब, तुझ्या आईला बोलावतो," ते म्हणाले. "आता पहिल्यापासून सांग. सावकाश."