लेकराचं अंग कोमट होतं

माझ्या सासूबाई मोशीच्या जुन्या शेतकरी घरातल्या. त्यांच्या लेखी ताप येतो तो मोठ्या माणसाला. लेकराचं नुसतं अंग कोमट होतं. तान्ह्या बाळासाठी ‘ताप’ हा शब्द काढला की तो ऐकतो आणि ठाण मांडून बसतो म्हणे! माझी लेक वीस दिवसांची होती, सर्दीने तिचं नाक चोंदलं होतं, आणि जागरणांनी मी इतकी आंबून गेले होते की वाद घालायचंही त्राण नव्हतं.

त्या दिवशी दुपारी जाग आली ती तिच्या घुरघुरण्याने. खोलीत ओव्याची धुरी कोंडलेली. अंगात स्वेटर, डोक्याला टोपरं, वर दोन दुपटी. सगळं सोडवलं, थोडं थांबून थर्मामीटर लावला. शंभर पॉइंट आठ. डॉक्टरांनी बजावलं होतं, एवढ्या लहान बाळाला ताप आला तर घरी औषध देत बसू नका, लगेच घेऊन या.

नवऱ्याला चाकणला कंपनीत फोन लावला.

“अगं, मघाशी आईला विचारलं, ती म्हणाली जरा कोमट आहे. म्हणून मी ओव्हरटाइमला थांबलो.”

“कोमट असायला ते काय अंघोळीचं पाणी आहे?” मी ओरडले आणि फोन ठेवला.

रिक्षात सासूबाई शेजारी बसल्या होत्या.

“ताप कधीपासून?” डॉक्टरांनी विचारलं.

“दुपारपासून,” मी म्हणाले.

“न्हाई.” सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला. “सकाळधरनं ताप हाय. हिची आई चार दिसांनी झोपली व्हती, उठवू वाटंना.”

माझं डोकं भणाणलं. सकाळपासून! पण भांडायला अंगात जोर कुठे होता. लेकीला दाखल केलं, तिचं रक्त तपासलं. छाती साफ निघाली. नाकात सलाइनचे थेंब, अंगावरचं दूध थोडं थोडं, आणि धुरी बंद. दोन दिवसांनी ताप पूर्ण उतरल्यावर घरी सोडलं.

घरी आल्या आल्या सासूबाईंनी धुपाटणं उचलून माळ्यावर टाकलं. मी भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी लेकीला माझ्या मांडीवरून घेतलं आणि मोकळा हात माझ्या कपाळाला लावला.

“तुझं बी अंग कोमट हाय गं,” त्या म्हणाल्या.

मग मात्र मला रडू आवरेना.