भात कोणी रांधला?

दुसरं महायुद्ध आमच्या चिखल्याच्या दगडावर जिंकलं गेलं, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडभाऊ म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान, आमचे भाऊजी. नाकाडोंगरीला त्यांचं कापडाचं दुकान. घराणं विणकरांचं, पण माग बापाच्या काळातच बंद पडले आणि यांच्या हाती गज आणि कात्री आली. चिखल्याच्या खाणीतून मँगनीज निघतं, मँगनीजशिवाय पोलाद घट्ट होत नाही, पोलादाशिवाय तोफ होत नाही, तेव्हा तोफ आमचीच, हा त्यांचा हिशेब. रशियावरचं पुस्तक असो की आफ्रिकेवरचं, ते आधी उलटं धरायचे, शेवटच्या पानांतली नावांची यादी काढायचे, 'च' खाली बोट फिरवायचे आणि मग खिन्नपणे म्हणायचे, "यानंही चिखला टाकला नाही." जणू त्या बिचाऱ्या लेखकाने भाजीत मीठ टाकलं नव्हतं.

दुकानात कापडापेक्षा पुस्तकं जास्त होती. धोतरांच्या चवडीमागे फ्रान्सची क्रांती, चादरींच्या खाली चीन, आणि परकराच्या कापडाच्या फडताळात कुठल्या तरी बेटावरचा असा उठाव, ज्याचं नाव त्या बेटावरच्या लोकांनाही आठवत नसेल. गाजलेल्या लढायांत त्यांना रस नव्हता. ज्या लढाईबद्दल कोणी बोलत नाही ती यांची लाडकी. गिऱ्हाईक आलं आणि वाचनात फौज नदी ओलांडत असली, तर ती पैलतीराला लागेपर्यंत कात्री उचलली जात नसे. एकदा लग्नाची लुगडी घ्यायला आलेल्या बायकांना त्यांनी बर्फातून माघार घेणाऱ्या सैन्याची हकिकत सांगितली. बायका डोळे पुसत उठल्या आणि लुगड्यांऐवजी घोंगड्या घेऊन गेल्या. भाव मात्र एकच. घासाघीस करायला लागलं की ते गज खाली ठेवायचे आणि पुस्तक उचलायचे. माझ्यासारख्या, तुमसरच्या धान्यबाजारात रिकाम्या हाताने येऊन नुसत्या जिभेच्या जोरावर तांदळाचा दलाल झालेल्या माणसाला हे बघवत नसे. नागपूरला रद्दीवाल्याकडून मी त्यांना एकदा पुस्तकांचा गठ्ठा अर्ध्या किमतीत पाडून दिला. स्टेशनवर पोचलो तर हे गायब. परत जाऊन त्या रद्दीवाल्याला उरलेले पैसे देऊन आले होते. वर मलाच म्हणाले, "शेठ, एवढी माणसं मेली हो या पुस्तकात. तिथं भाव करत नसते."

जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा लोक कचेऱ्या कुठे जाणार याची चर्चा करत होते. भाऊजींना दुःख वेगळंच. एवढी मोठी फाळणी झाली आणि एक गोळी सुटली नाही, आता यावर पुस्तक कोण लिहील? माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी पंगतीची सूत्रं मागून घेतली, आणि वऱ्हाडी दोन्ही दारांनी एकदम घुसणार हे ओळखून मठ्ठ्याची पिंपं आघाडीवर नेऊन ठेवली. वऱ्हाड मठ्ठ्यावरच अडकलं. भात पुरला, इज्जत वाचली, आणि ते आचाऱ्यांच्या पाया पडायला गेले. हे मात्र त्यांचं नेहमीचं होतं. कुठल्याही लग्नात ते नवरदेवाच्या आधी आचाऱ्याला भेटायचे. कारण युद्ध आणि क्रांतीची एवढी पुस्तकं वाचून त्यांच्याजवळ एकच प्रश्न उरला होता: भात कोणी रांधला? हजारो माणसं राजवाड्यावर चालून गेली, ठीक. सकाळी काय खाऊन गेली? चूल कुठे पेटली? प्रकाशकांना ते कार्ड टाकायचे की आपल्या पुस्तकात अमक्या पानापासून तमक्या पानापर्यंत सैन्य उपाशी चालत आहे, तरी पुढील आवृत्तीत त्यास कृपया जेवू घालावे. उत्तर कधीच आलं नाही. त्यावर ते म्हणायचे, "लाजले असतील."

शेवटी कोणी लिहीत नाही म्हणून हे स्वतःच लिहायला बसले. आपल्या तालुक्याने त्या महायुद्धाला काय दिलं, दगड किती हातांनी फोडला, कोणत्या घरातली माणसं गेली, असं पुस्तक. दुकान मेहुणीच्या भरवशावर टाकून सायकलवर गावोगाव फिरले. नियम एकच: एका तोंडाची गोष्ट लिहायची नाही. दुसरं तोंड पाहिजे, आणि तेही नात्याबाहेरचं. "घरचा माणूस साक्षीदार नसते, वकील असते," असं ते म्हणत.

इथे माझं आणि त्यांचं बिनसलं, आणि ते दुखणं माझ्या मनातून आजही पूर्ण गेलेलं नाही. युद्धाच्या काळात चिखल्याकडच्या एका लहानशा खाणीत, जी आता बुजून झुडपांत गेली आहे, मजुरांनी टोपल्या खाली ठेवल्या होत्या. मजुरीबरोबर मिळणारा तांदूळ कमी केला म्हणून. त्या संपाचा पुढारी माझा आजा होता. हे मला माझ्या बापाने सांगितलं होतं आणि माझा बाप खोटं बोलत नव्हता. माझ्या वेळी आमच्या घराण्याजवळ ना जमीन होती ना भांडी, एवढी एक गोष्ट होती. मी भाऊजींना म्हटलं, एक अख्खं प्रकरण द्या. ते म्हणाले, दुसरं तोंड आणा. मी अर्ध्या प्रकरणावर आलो, मग एका पानावर, मग चार ओळींवर. बाजारात एवढं उतरलो असतो तर समोरच्याने लाजून माल फुकट दिला असता. हे ढिम्म. मी तिथेच त्यांचा चहा तसाच ठेवून उठलो आणि दुसरं तोंड शोधायला लागलो.

आणि शोधलं. चिखल्यात एक म्हातारी होती, त्या काळी परकर नेसणारी पोर. मी भाऊजींना मुद्दाम सोबत घेऊन गेलो, छाती पुढे काढून. म्हातारीने माझ्याकडे बराच वेळ बघितलं, मग ओळख पटल्यासारखी हसली.

"पुढारी? नाही रे बाबू, पुढारी दुसरा होता. तो पहिल्याच दिवशी पळाला. तुह्या आजानं रांधलं. खाणीत गेला नाही कोणी, तवा साऱ्याईले त्यानंच जेऊ घातलं. बिजाईचे धान कांडून रांधलं त्यानं. मीनं खाल्लं न."

भाऊजींचा चेहरा त्या वेळी पाहायला हवा होता. जन्मभर ज्याला ते साऱ्या जगाच्या इतिहासात शोधत होते, तो त्यांना साडभावाच्या घरात सापडला होता. त्यांनी म्हातारीला भांडं केवढं होतं, लाकडं कुठली, सोबत लाखोळीची डाळ होती की नुसतं मीठ, असे प्रश्न विचारून भंडावून सोडलं. मी मात्र पेटलो. मी पुढारी शोधायला आलो होतो आणि माझ्या हातात आचारी ठेवला होता. परतीच्या वाटेवर ते पान देऊ म्हणाले, मग दोन पानं, मग अख्खं प्रकरण, पुस्तकाचं पहिलंच. आता भाव ते वाढवत होते आणि मी नाही म्हणत होतो. माझ्या आजाचं नाव पुढारी म्हणून जाईल नाही तर जाणारच नाही, असं मी ठणकावून सांगितलं.

त्यावर त्यांचा आणखी एक नियम निघाला: घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय नाव छापायचं नाही. आणि रांधणाऱ्याच्या नावाशिवाय पुस्तक काढायचं नाही. झालं. तुमसरच्या प्रेसमध्ये पुस्तक जुळून तयार, आणि पहिल्या प्रकरणासाठी अडलेलं. उन्हाळा गेला, पाऊस गेला, पुन्हा उन्हाळा आला. दोघी बहिणींनी आम्हाला समजावून पाहिलं आणि मग दोघांशीही बोलणं सोडलं. एका तेरवीच्या पंगतीत आम्ही शेजारी बसलो तेव्हा ते पत्रावळीकडे बघत हळूच म्हणाले, "शेठ, तुमी काहून तापून राहिले? तुमी 'रांधलं' तेवढंच आयकलं. 'बिजाई' नाही आयकलं."

मी पत्रावळ उचलून उठलो. पण तो शब्द माझ्यामागे घरी आला. मी दलाल असलो तरी झाडीतला, भाताच्या मुलखातला माणूस आहे. घरात खायला नसलं तरी बियाण्याच्या धानाला कोणी हात लावत नाही. पोरं उपाशी निजवतात, पण ती कणगी उघडत नाहीत. ते धान माझ्या आजाने कांडलं, म्हणजे त्या पावसाळ्यात आमच्या बांधीत काही पेरलं गेलं नाही. मग जमीन गेली. माझा बाप दुसऱ्याच्या गिरणीत पोती उचलत मेला आणि मी शून्यातून उभा राहिलो, असं मी ज्याला त्याला सांगत आलो. ते शून्य आलं कुठून, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एक पळालेला पुढारी आणि एक रिकामी कणगी. यातली कोणती वस्तू भारी, हे माझ्यासारख्या माणसाला कळायला इतका वेळ लागायला नको होता. पण आपणहून भाव उतरवणं माझ्या रक्तात नाही. ते बोलावतील म्हणून मी वाट बघत राहिलो.

बोलावणं आलं ते मेहुणीचं. भाऊजींना लकवा मारला होता. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली. मी पोचलो तेव्हा ते दुकानातल्याच गादीवर पडले होते, उशाशी पुस्तकं, आणि नजर सरळ माझ्यावर. बोलायचं काय आणि कसं? आमच्याकडे बैलबाजारात सौदा तोंडाने होत नाही. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकतात आणि आत बोटं दाबून भाव ठरतो, कोणाला दिसत नाही. मी खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्यांच्या डाव्या हातावर टाकला आणि आत हात घालून त्यांचं एक बोट दाबलं. एक ओळ. रांधणारा म्हणून.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, कळलं नाही. मग दुपट्ट्याखाली तो अशक्त हात हलला आणि माझी पाचही बोटं त्यांनी एकत्र धरून दाबली, आणि सोडलीच नाहीत. मेहुणी म्हणाली, "काय ठरलं?" मी म्हटलं, "लुटलं मले यायनं."

पुस्तक निघालं, पहिल्या प्रकरणासकट. भाऊजींनी डाव्या हाताने ते उलटं धरलं, शेवटच्या पानांतली यादी काढली, आणि 'च' खाली बोट ठेवून हसले. पुढच्या दिवाळीपर्यंत ते राहिले. आता दुकानात त्यांचा मुलगा तयार कपडे विकतो आणि पुस्तकं माझ्या गोदामात तांदळाच्या पोत्यांशेजारी आहेत, कारण इतरांच्या घरात जागा नव्हती.

परवा बाजारात एका व्यापाऱ्याने विचारलं, तुमचे आजोबा कुठल्या तरी संपाचे पुढारी होते म्हणतात? मी म्हटलं, पुढारी दुसरा होता, माझ्या आजाने रांधलं. बिजाईचं धान कांडून रांधलं. तो नुसता "अच्छा" म्हणाला आणि कण्यांचा भाव विचारू लागला. असा संताप आला की मी त्याला माल नाही म्हणून सांगितलं. भाऊजी असते तर त्याला गादीवर बसवून घेतलं असतं, गज बाजूला ठेवला असता, आणि बाहेर गिऱ्हाइकं खोळंबली असताना मलाच पुन्हा पहिल्यापासून विचारलं असतं, "सांगा शेठ, चूल कुठं मांडली होती?"