पाचव्या तुकड्याच्या मध्यावर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. आजऱ्याच्या शाळेत मला आठवी ते दहावी मराठी शिकवणारे सर. नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून इथे नुसतं सर म्हणतो. आमच्या घरात माझ्याआधी सातवीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. वडील भाताच्या गिरणीत पोती उचलायचे. कॉलेजचा फॉर्म कसा भरतात हे घरात कुणाला माहीत नव्हतं, तेव्हा सर माझ्याबरोबर एसटीने कोल्हापूरला आले आणि प्रवेश होईपर्यंत दिवसभर कॉलेजच्या व्हरांड्यात बसून राहिले. दुपारी त्यांनी डबा उघडला, तर भाकरी दोघांपुरती होती.

सर पेटीही वाजवायचे. गणपतीत गावात गाण्याची बैठक असली की मला पुढच्या रांगेत आपल्या शेजारी बसवायचे. मी लाजून गप्प राहिलो की मांडीला चिमटा काढायचे. “तोंड शिवलंय काय रे? तो माणूस तिथं जीव तोडून गातोय आणि तू दगडासारखा बसलायस. वा म्हण!” मी वा म्हणायला शिकलो. पुढे बी.एस्सी. झालो, मुंबईत नोकरी लागली, बोलणं-चालणं पुष्कळ बदललं. पण कानावर काही चांगलं पडलं की तोंडातून वा निघतं, ते राहिलं.

आता सरांना जवळजवळ ऐकू येत नाही. फोनवर बोलणं शक्य नाही, म्हणून मी त्यांना पत्र लिहितो. हल्ली पोस्टाची पाकिटं विकत घेणारा ऑफिसात मी एकटाच आहे.

अंधेरी एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मी कामाला आहे. राहतो मरोळच्या गावठाणात, एका ख्रिस्ती कुटुंबाच्या घरात खालच्या खोलीत. वर म्हातारे नवरा-बायको. मुलगा परदेशी. ही इथली जुनी माणसं, घरात मराठी बोलणारी. सगळी गल्ली त्यांना अंकल-आंटी म्हणते, मीही तेच म्हणतो.

राहायला आलो त्या पहिल्याच सकाळी वरून व्हायोलिन ऐकू आलं. अंकल वाजवतात हे कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, वर दोन जण बसून वाजवताहेत. एक खालच्या सुरात सावकाश काहीतरी सांगतोय, दुसरा वरून त्याला उत्तर देतोय. कामाला निघताना अंकल जिन्यात भेटले.

“ए लॅबवाले, झोप मोडली काय तुझी?”

“नाही अंकल. तुमच्याबरोबर दुसरं कोण वाजवत होतं?”

ते कठड्याला धरून हसायला लागले. “आंटी, ऐकलं काय? ह्याला दोन जण वाटले!” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “दोनच कशाला, कधी कधी चार असतात. पण सगळे ह्या एकाच लाकडात.”

हळूहळू त्यांनी मला समजावलं. युरोपात तीनशे वर्षांपूर्वी ज्या संगीताला बरोक म्हणतात, त्यातलं हे. एका जर्मन माणसाने एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेलं. साथीला कुणी नाही, म्हणून साथही व्हायोलिननेच करायची. पाच तुकडे. पहिले चार लहान, नाचाच्या चालीवरचे. पाचवा प्रचंड, एकटाच पंधरा मिनिटांचा. त्यात एक छोटंसं आवर्तन पुन्हा पुन्हा येतं आणि दर वेळी त्याच्यावर नवीन काहीतरी उभं राहतं. आवर्तन म्हटल्यावर मला ते आपलं वाटायला लागलं.

अंकलनी चाळीस वर्षं सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिन वाजवलं होतं. “तीस जण असायचो एका रांगेत,” ते सांगायचे. “माझं काम काय? बाजूवाल्यासारखं वाजवणं. माझा आवाज वेगळा ऐकू आला तर टेक पुन्हा. मी चांगला वाजवला तर मी वाजवला हे कळायलाच नको!” हे ते हसून सांगायचे. तरुणपणी एका पाद्र्याने हे पाच तुकडे त्यांना हाताने उतरवून दिले होते. तेव्हापासून ते घरी वाजवत होते. लोकांसमोर एकदाही नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. कोपरापाशी नस दबली होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लागेल. ते लवकर केलं नाही तर बोटं जातील, आणि केलं तरी पूर्वीसारखी होतीलच असं नाही. अंकल तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी डॉक्टरांकडून एक महिना मागून घेतला आणि चर्चच्या हॉलमध्ये फादरकडे एक रविवार मागितला. पाचही तुकडे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकदा माणसांसमोर एकट्याने वाजवायचे. त्यांना दुसरं काही नको होतं.

सलग अर्ध्या तासाच्या वर बोटं साथ देत नव्हती, आणि पाचही तुकडे मिळून तेवढाच वेळ लागायचा. म्हणून तो महिनाभर ते तुकडे सुटे सुटे वाजवत. पाचव्याचा आज पहिला भाग, उद्या मधला, परवा शेवटचा. मी खाली दाढी करता करता ऐकायचो. मधला भाग मला सगळ्यात प्रिय. पहिला भाग मोठ्या दुःखाने थांबतो आणि तिथून सूर एकदम बदलतात. बंद घराची खिडकी कुणी आवाज न करता उघडावी तसं वाटतं. एकदा मी आंटींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “तिथे पोचला की त्याचा पण चेहरा बदलतो. मी चहा घेऊन उभी असते, पण हाक नाय मारत.”

ऐकायला कोण येणार, ही अंकलना काळजी होती. “वीस जण आले तरी पुष्कळ,” ते म्हणायचे. मला मात्र हॉल भरायला हवा होता. शेजारच्या टॉवरमधल्या सोसायटीत माझा ऑफिसातला एक मित्र राहतो. त्याच्याबरोबर मी तिथल्या सेक्रेटरींना भेटलो. मालवणकडचे भले गृहस्थ. ऐकून ते खुर्चीतून उठलेच.

“हयसर एवढो मोठो कलाकार रवता आणि आमका पत्तोच नाय? आमी येतंव! सगळ्यांका घेऊन येतंव!”

मी त्यांना नियम सांगितला. या संगीतात मध्ये टाळ्या वाजवत नाहीत. चार तुकड्यांनंतर ते व्हायोलिन खाली घेतील, तरी गप्प बसायचं. पाचवा संपला की मगच.

“पण संपलो ह्या कळतला कसा?”

“मी पुढे बसेन. माझ्याकडे बघा. मी दाद दिली की सगळ्यांनी टाळ्या.”

आज मला ते वाक्य जसंच्या तसं आठवतं.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता हॉल भरला. पुढे गावठाणातली माणसं, मागे सोसायटीची दीडशेक. मुलांनासुद्धा दम देऊन गप्प बसवलेलं. अंकल काळ्या सुटात, समोर कागद नाही, काही नाही. त्यांनी मागपर्यंत एकदा बघितलं आणि आंटींकडे पाहून भुवया उडवल्या. एवढी माणसं!

पहिला तुकडा संपला. व्हायोलिन खाली आलं. एक टाळी नाही. दुसरा, तिसरा, चौथा. मागे कुणी खोकलंसुद्धा नाही. मी मागे वळून बघितलं, तर सेक्रेटरी डोळे मिटून, हात जोडून बसले होते, देवळात बसावं तसे. मला माझ्या माणसांचा फार अभिमान वाटला.

मग पाचवा. घरी खालून ऐकणं वेगळं आणि दहा फुटांवरून बघणं वेगळं. गज चारही तारांवरून असा जायचा की एका माणसाला एवढे हात कुठून आले असं वाटावं. आवर्तन फिरत होतं, दर फेरीला काहीतरी आणखी लादलं जात होतं, आणि ते कुठे पडत नव्हतं. शेजारची म्हातारी तोंडाला रुमाल लावून रडत होती. मागून कुणीतरी दबक्या आवाजात “आयला” म्हणालं. पहिला भाग संपत आला. अंकल सगळं एकत्र गोळा करत त्या शेवटच्या सुरावर आले, आणि सूर हवेत राहिला.

माझा हात मांडीवर पडला आणि तोंडातून निघालं, “वा!”

मोठ्याने. सर शिकवायचे तसं.

मग मागून टाळ्यांचा लोंढा आला. दीडशे माणसं उभी राहिली. शिट्ट्या. पुढच्यांना वाटलं, संपलं असणार, तेही उठले. अंकलचा गज पुढच्या सुरासाठी तारेपासून बोटभर वर होता. तो तिथेच राहिला. मी उठून मागे हात हलवले. “नाही, नाही, अजून आहे!” त्या आवाजात मला माझंच ऐकू आलं नाही. लोकांना वाटलं मी आणखी वाजवा म्हणतोय. त्यांनी आणखी वाजवल्या.

आणि सेक्रेटरी शाल आणि नारळ घेऊन स्टेजवर चढले. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. आनंदाचा धक्का द्यायचा होता. त्यांनी अंकलच्या खांद्यावर शाल घातली, ती गजाच्या हातावर आली. मग नारळ पुढे केला. अंकलच्या एका हातात व्हायोलिन, दुसऱ्यात गज. नारळ घ्यायला तिसरा हात नव्हता. सेक्रेटरी नारळ धरून वाकलेले आणि अंकल त्यांच्याकडे बघताहेत. मग अंकलनी गज डाव्या हातात घेतला आणि नारळ घेतला.

मी स्टेजच्या पायरीपाशी पोचलो होतो. अजून बोलता आलं असतं. अंकलनी माझ्याकडे पाहिलं. मी बोललो नाही. सेक्रेटरी इतके भारावलेले होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना सगळ्यांसमोर काय सांगायचं? फादरनी आभार मानले. फोटो झाले. एक-एक जण येऊन पाया पडत होता. “अंकल, झकास!” “असं कधी ऐकलं नव्हतं.” “पुढच्या वर्षी आमच्या गणपतीत पाहिजेच.” अंकल “थँक यू, थँक यू” म्हणत होते आणि शालीच्या आत डावी मूठ उघडत-मिटत होते. वीस मिनिटं तशी गेली. बोटं गेली होती, हे आंटींना आणि मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी वर गेलो. अंकल खिडकीत बसले होते, व्हायोलिनची पेटी बंद.

“अंकल, माझ्यामुळे झालं.”

“तुझ्यामुळेच झालं,” ते म्हणाले. “बस.”

“मी थांबवायला पाहिजे होतं. तुम्ही तरी सांगायचं ना, संपलं नाही म्हणून.”

“कसं सांगू रे? माणसं उभी राहिली होती. माझ्यासाठी चाळीस वर्षांत कोण उभं राहिलंय? त्यांना सांगू, बसा खाली, चुकलात? आणि तू वा म्हणाला ती जागा बरोबर होती. तिथे माझ्या पण आत तसंच होतं. म्हणून तर राग पण नीट येत नाय.”

आंटींनी आतून बशी आणून माझ्या हातात दिली. “त्या नारळाची कढी केली. भातावर घातलीय, खा. नारळाचा काय दोष?”

मी खाल्ली. दुसरं काय करणार?

“ऑपरेशननंतर पुन्हा वाजवाल, अंकल,” मी म्हणालो.

ते माझ्या हातातल्या बशीकडे बघून म्हणाले, “मीठ कमी आहे ना? ती आता सगळ्यातच कमी टाकते.”

त्यानंतर सकाळी वरून आवाज आला नाही. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर शाल-नारळाचा फोटो लागला. सेक्रेटरी रस्त्यात भेटले की माझा हात दोन्ही हातांत धरतात. “तुमच्यामुळे आमका असा काय तरी ऐकाक गावला.” मी मान हलवतो. ते खरं बोलतात, हेच अवघड आहे.

त्या आठवड्यात मी सरांना पत्र लिहिलं. त्याची प्रत ठेवायची माझी सवय नाही, पण हे मी दोनदा लिहिलं होतं, म्हणून कच्चा कागद राहिला.

आदरणीय सर,

नमस्कार. गुडघ्याला तेल लावता ना? काकूंनी फोनवर सांगितलं की लावत नाही.

मागच्या पत्रात व्हायोलिनच्या कार्यक्रमाचं लिहिलं होतं. तो झाला. हॉल भरला होता. लोक रडले, उभे राहिले, अजून बोलताहेत. तुम्ही विचारलं होतं, ऐकून कसं वाटलं ते सविस्तर लिही. चार तुकड्यांचं लिहू शकतो. पाचव्याचं अर्धंच लिहिता येईल, कारण तो अर्ध्यावर थांबला. मी वा म्हणालो, लोकांना वाटलं संपलं, त्यांनी सत्कार केला. अंकलना पूर्ण वाजवायचं होतं, तेवढं एकच हवं होतं, आणि ते राहिलं. हे आम्हा तिघांशिवाय कुणाला माहीत नाही. ज्यांना माहीत नाही ते सगळे आनंदात आहेत. मी पायरीपाशी उभा होतो आणि बोललो नाही, हे मला वा म्हणण्यापेक्षा जास्त लागलंय.

उद्या सकाळी त्यांच्या हाताचं ऑपरेशन आहे. आंटींनी मला बरोबर यायला सांगितलंय. घरापासून हॉस्पिटलपर्यंत रिक्षाने अर्धा तास लागेल. त्या म्हणाल्या, तू त्याच्या बाजूला बस आणि काहीतरी बोलत राहा, नाहीतर तो हाताकडेच बघत बसेल. सर, मी काय बोलू? कार्यक्रमाचं बोलता येत नाही आणि दुसरं काही सुचत नाही. कोल्हापूरला त्या दिवशी व्हरांड्यात तुम्ही माझ्याशी दिवसभर बोलत होता. काय बोलत होता ते मी आठवून पाहतोय, पण एक शब्द आठवत नाही.

हे पत्र तुमच्या हातात पडेपर्यंत उद्या होऊन गेलेला असेल. तरी विचारतो.

तुमचा विद्यार्थी