सुभेदार काका मार्क देईनात!

परीक्षकाला मंडळाकडून शाल-श्रीफळ मिळतं. नारळाची चटणी होते, शाल पुढच्या लग्नात कुणाच्या तरी गळ्यात घालता येते. पण किस्से? ते घरातच साठत जातात हो! बायको म्हणते, "शंभरदा ऐकले, आता दुसऱ्यांचं डोकं खा." तर ऐका.

इकडे हिंदी मुलखात, फ्रीगंजातल्या आमच्या मराठी मंडळात दरवर्षी शाळेतल्या मुलांची स्पर्धा असते. विषय एकच, शहीद जवानांना आदरांजली. चित्र काढा, कविता म्हणा, निबंध लिहा, मॉडेल बनवा. परीक्षक आम्ही तिघं. सुनंदाताई रिटायर्ड ड्रॉइंग टीचर, स्पर्धा त्यांनीच सुरू केलेली. सुभेदार काका चोवीस वर्षं फौजेत होते. आणि मी बँकेतून रिटायर झालेला, म्हणजे बेरजेला!

*

काका चित्र बघत नाहीत, इन्स्पेक्शन करतात. एका पोराने बर्फ, तिरंगा, बंदूक रोखलेला जवान, सगळं झकास काढलं होतं. ताईंनी दहापैकी नऊ दिले. काकांनी दोन!

"अहो काका, का?"

"दाढी बघा त्याची. वरचं बटण उघडं. आणि बुटांना पॉलिश कुठंय?"

"पण तो लढतोय ना!"

"मग दाढी करून लढ म्हणावं!"

पहिल्या नंबराला तिघांची सही लागते. काकांनी केली नाही. त्या वर्षी पहिला नंबर कुणालाच नाही.

*

मॉडेलच्या दिवशी मी टावर चौकातून धावतपळत आलो, पोटात कावळे ओरडत होते. टेबलावर शंकरपाळ्यांची रास दिसली. म्हटलं वा, यंदा मंडळाने नाश्ता बरा ठेवलाय! आठ-दहा खाल्ली असतील. तेवढ्यात मागून एक पोरगी किंचाळली, "काका, आपने हमारा बंकर खा लिया!"

शंकरपाळी म्हणजे वाळूची पोती होती. सुभेदार काका शांतपणे म्हणाले, "जे दुश्मनाला जमलं नाही, ते बँकवाल्याने केलं."

*

एका निबंधात लिहिलं होतं, 'सैनिक सीमेवर जागतात म्हणून आपण सुखाने झोपतो. त्यांच्या सन्मानार्थ मी रोज नऊ वाजेपर्यंत झोपतो.'

मी हसून हसून बेजार! काकांनी मात्र फॉर्मवरचा पत्ता उतरवून घेतला. रविवारी पहाटे पाचला त्या मुलाच्या आईचा मला फोन. "भाऊजी, दारात कोणी फौजी उभे आहेत. शिट्टी वाजवताहेत. म्हणतात, चिरंजीवांना बाहेर पाठवा!"

*

कवितेच्या वेळी तिसरीतला एक मुलगा छातीला गोळी लागून धाडकन पडला. टाळ्या! टाळ्या थांबल्या, तरी हा उठेना. ताई म्हणाल्या, "बाळा, झालं, आता जा."

तो डोळे मिटूनच म्हणाला, "मैं शहीद हो गया हूँ."

पुढच्या दोघांनी त्याला ओलांडून कविता म्हटल्या. तिसरीने तर त्याच्यावर फूल वाहिलं! शेवटी मागच्या रांगेतून त्याची आई ओरडली, "अरे मेल्या ऊठ, ड्रेस किरायाचा आहे!" पठ्ठ्या ताडकन उठून पळाला.

काकांनी त्याला एक मार्क दिला. म्हणाले, "पोस्ट सोडून गेला."

*

आता यंदाचं. तीन वर्षं पहिला नंबर कुणालाच नाही, आई-बाप सेक्रेटरीशी भांडून भांडून थकलेले. त्याने आम्हाला सरळ सांगितलं, "यंदाही नाही दिला, तर ही स्पर्धा बंद. पुढच्या वर्षीपासून अंताक्षरी!"

"माझ्या मुलांनी रंगवलेल्या जवानांच्या जागी अंताक्षरी?" ताईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. मलाही फार वाईट वाटलं, काकांचा रागही आला. पण त्यांच्यासमोर बोलणार कोण!

एकेक चित्र काकांकडे जाई आणि दोन-तीन मार्क घेऊन परत येई. शेवटी एकच उरलं, सहावीतल्या एका मुलीचं. ते बघून मी कपाळावर हात मारला. ना डोंगर, ना तिरंगा. साधं स्वयंपाकघर. बनियनमधला एक माणूस पाटावर मांडी घालून पोहे-जलेबी खातोय. दाढी वाढलेली, केस पिंजारलेले. शेजारी आई चहा ओततेय. खुंटीवर वर्दी, तीही चुरगळलेली.

ताईंनी मुलीला जवळ बोलावलं. "बेटा, विषय शहीद जवान होता ना? मग शहीद कुठंय?"

"हेच तर आहेत, टीचर. घरी आलेत."

काकांनी चित्र हातात घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. ताईंनी माझा दंड घट्ट धरला होता.

मग काकांनी पेन मागितलं. दहापैकी दहा. खाली सही. शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहिलं, कागद माझ्याकडे सरकवला आणि उठून बाहेर गेले.

बेरीज करायला मी तो कागद जवळ ओढला. शेऱ्यात हिंदीत लिहिलं होतं, "छुट्टी मंजूर।"